नर्सबाईंची गाडी शोभेला नाही

नर्सबाईंचा हात मोडला आणि घरात ज्याला त्याला कंठ फुटला.

मोडला तो गाडीचं हँडल मारताना. गाडी महायुद्धाच्या आधीची, छोटी, आगपेटीला चाकं लावावीत तशी. ती सुरू करायची तर समोर वाकून, तिच्या नाकाखाली लोखंडी हँडल खुपसून ते जोरात फिरवावं लागे. त्याआधी स्टिअरिंगजवळची एक बारीक दांडी मागे ओढायची. ती ओढायची राहिली तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल खेचरासारखी लाथ मारतं. हे नर्सबाई वर्षानुवर्षं दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या. एका सकाळी शेजारणीशी बोलण्याच्या नादात स्वतःच विसरल्या. मनगट कडकन वाजलं.

"चूक माझी आहे, गाडीला कुणी बोल लावायचा नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. "आई गं" हे दुसरं.

त्यांचा मुलगा विमा कंपनीत कामाला होता. दिवसभर अपघातांचे कागद वाचून त्याला जिना उतरायचीही धास्ती वाटे. तो म्हणाला, "आई, आता पुरे. या वयात लोक गुडघे सांभाळतात, तू क्लच सांभाळतेस."

"गुडघे आपले आपण दुखतात रे. क्लचकडे कुणीतरी बघावं लागतं."

"हसण्यावारी नेऊ नकोस. आता तू स्वस्थ बसून राहायचंस. डॉक्टरही तेच म्हणाले."

प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून नर्सबाई खिडकीतून मागच्या शेडमधल्या गाडीकडे बघत राहिल्या.

ही गाडी त्यांना मिळाली होती ती प्रसूतिगृहाच्या मोठ्या डॉक्टरांकडून. त्यांनी नवी लांबलचक गाडी घेतली, तेव्हा जुनीकडे बोट दाखवून म्हणाले होते, "चालली तर तुमची, बाई." ती चालली. जिथे रुग्णवाहिकेचं नाकही शिरत नसे, अशा गल्ल्यांत ती अंग चोरून शिरायची. कोपऱ्यावर तिचा भोंगा वाजला की घरातली बायामाणसं चुलीवर पाणी ठेवत. नर्सबाईंचे यजमान पोस्टात होते. कधीमधी ते शेजारच्या सीटवर बसत, तेही डोळे घट्ट मिटून. "घाबरता का हो?" असं विचारलं तर म्हणत, "छे! तू रस्त्याकडे बघतेयस ना? मग दोघांनी बघून काय करायचं?"

ते गेले, बाईंची नोकरी संपली, आणि गाडी शेडमध्ये जुन्या गाद्यांखाली गाडली गेली. ती पुन्हा बाहेर काढली तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांची तिसरी पिढी सुखानं नांदत होती. दारांची लाकडी चौकट बोटानं दाबली की भुसा व्हायची. बाईंनी सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, याला दुरुस्ती नाही म्हणत, याला बारसं म्हणतात." तरी त्यानं चौकट नवी केली. कुठल्याच दुकानात सुटे भाग मिळेनात, तेव्हा बाईंनी लेथवाल्याकडे जाऊन फिरत्या दांड्यांसाठी पितळी बुश कातून आणले. ब्रेक सगळे सळ्या आणि तारांचे. ते चारी चाकांना सारखे धरावेत म्हणून बाई किती दिवस गाडीखाली आडव्या होत्या, ते त्यांच्या पाठीलाच ठाऊक.

या कामात त्यांना जोडीदार मिळाली ती सून. तिला इंजिनाचं वेड होतं असं नाही. सासूबाई गाडीखाली असल्या की स्वयंपाकघरात येत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं होतं. मग हवा तो पाना हातात देता देता तिचं मन लागलं. इंजिनाच्या व्हॉल्व्हना काठी लावून, ती दोन तळहातांत रवीसारखी फिरवत तिनं ते सगळे घासून बसवले. सीटांना कापडही तिनंच शिवलं. गाडीत पेट्रोलचा काटा नव्हता. पुढची सीट उचलायची, खालच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवायची आणि ती किती भिजली ते बघायचं. पंपही नव्हता. सीटखालून पेट्रोल आपल्याच वजनानं इंजिनाकडे ओघळायचं. सून म्हणायची, "आई, तुमची गाडी म्हणजे सायफन आणि श्रद्धा."

हात मोडल्यावर टेकडीवरचा हॉटेलवाला भेटायला आला. चांगला गोरागोमटा, पोट सुटलेला माणूस. त्याच्या जन्माच्या वेळी नर्सबाई अख्खा दिवस त्याच्या आईजवळ बसून होत्या. त्यानं फळं टेबलावर ठेवली आणि हळूच विषय काढला.

"नर्सबाई, गाडी मला द्या. नव्या दालनात मधोमध ठेवतो. इंजिन काढून टाकू, बॉनेटमध्ये फुलझाडं लावू. लोक फोटो काढतील. झकास बसवून ठेवू तिला!"

मुलाचा चेहरा उजळला. "बघ आई, भंगारात जाणार नाही. तुला वाटलं की जाऊन बघत बस."

"बसवून ठेवणार," नर्सबाई म्हणाल्या. "इंजिन काढून."

"चालवणार कोण तिला आता?" हॉटेलवाला म्हणाला. "राग मानू नका, पण माझ्या टेकडीचा चढ तरी चढेल का ती?"

"चढली तर?"

"चढली तर जन्मात पुन्हा मागणार नाही."

"आणि नाही चढली तर जिथे थांबेल तिथून तुझी माणसं लावून ढकलत वर ने. तुझी झाली."

"आई!" मुलगा ओरडला.

"तू कशाला ओरडतोस? ढकलणारे ते आहेत."

प्लास्टर निघालं. मनगट अजून भाजलेल्या पापडासारखं वाटत होतं, पण गियरच्या दांडीवर हात बसत होता. ठरल्या सकाळी टेकडीच्या पायथ्याशी बरीच माणसं जमली. त्यांतली निम्मी नर्सबाईंच्या हातून जगात आलेली. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी "बाई, दमानं!" म्हणत होतं. वरती हॉटेलच्या कठड्याशी मालक स्वतः उभा होता, आणि त्याच्यामागे ढकलायला चार तगडी माणसं.

एवढ्या लोकांदेखत सीट उचलून पट्टी कुठे बुडवत बसायची, म्हणून बाईंनी ते राहू दिलं. त्यांच्या टापटिपीला हे शोभणारं नव्हतं.

मुलानं हँडल मारलं. सून शेजारी बसली. गाडी खोकली, थरथरली आणि पहिल्या गियरमध्ये चढाला लागली. लोक मागून चालत येत होते. चालणारे तिच्या पुढे जात होते, पण गाडी चढत होती. शाळेच्या कुंपणापर्यंत ती आली. पुढे चढ एकदम उभा झाला. इंजिनानं एक उसासा टाकला, मग दुसरा, आणि ते गप्प झालं.

बाईंनी हातब्रेक ओढला. तो पक्का धरला. त्या शांततेत वरून हॉटेलवाल्याचा आवाज आला, "जा रे, उतरा खाली!" चार माणसं बाह्या सावरत निघाली.

मुलगा धावत खिडकीशी आला. "आई... काल मी टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं. आग लागली तर म्हणून. चढापुरतं ठेवलंय, अंतर बघून ठेवलंय. दुप्पटच ठेवलंय खरं तर."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. लहानपणी तो पावसाळा नसतानाही छत्री घेऊन शाळेत जायचा, ते त्यांना आठवलं असावं. "ऊठ गं," त्या सुनेला म्हणाल्या. सीट उचलली, पट्टी बुडवली. टोक भिजलं.

"आहे की पेट्रोल. पण चढावर ते टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलंय. इंजिन झालं वर, हे राहिलं खाली. पाणी कधी चढ चढतं का? तुझी चूक पेट्रोलची, माझी पट्टीची. फिटंफाट."

"मग आता?"

"आता गाडीचं तोंड फिरवायचं. पेट्रोल इंजिनाकडे जात नसेल, तर इंजिन खाली आणि पेट्रोल वर."

सुनेला कळलं आणि ती खुदकन हसली. "रिव्हर्समध्ये?"

"तिचा सगळ्यात ताकदीचा गियर तोच आहे. फक्त माझी मान वळत नाही. तू सीटवर गुडघे टेकून मागे तोंड कर आणि बोलत राहा. गप्प बसलीस तर आपण दोघी कुंपणात."

बाईंनी ब्रेक सैल करत गाडी खाली, रस्ता रुंद होता तिथवर आणली. उताराच्या जोरावरच वळवली. ती चार माणसं तोवर जवळ आली होती. "हात लावायचा नाही!" नर्सबाई कडाडल्या. प्रसूतीच्या खोलीतून नवऱ्यांना हाकलायचा तोच आवाज. चौघं जागच्या जागी थबकली.

"अंगठा बोटांच्या बाजूला ठेव," त्यांनी मुलाला सांगितलं. "मूठ आवळू नकोस, लाथ बसली तर हात सुटायला हवा." मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दांडी मागे!"

हँडल फिरलं. इंजिन लागलं.

आणि गाडी पाठमोरी चढायला लागली. बाईंची नजर समोर उतरत जाणाऱ्या रस्त्यावर, सुनेची मागे. "डावीकडे, आई. अजून. बास! सरळ. पुढे, म्हणजे मागे... अहो, कुत्रं! गेलं. चला." शाळेचं कुंपण गेलं, उभा चढ आला. इंजिन किंचाळत होतं, पण खोकत नव्हतं. लोक आता पुढे जात नव्हते. बाजूला होऊन टाळ्या वाजवत होते. मुलगा बॉनेटच्या समोर चालत येत होता, दोन्ही हात पुढे धरून, रांगत्या पोराच्या मागे फिरावं तसा.

हॉटेलच्या दारात गाडी थांबली. मालक कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हे नाही चालायचं, नर्सबाई. मध्ये थांबली होती."

"थांबली होती. ढकलली कुणी?"

"ते नाही... पण ही काय रीत झाली? उलटी आली वर!"

नर्सबाई खाली उतरल्या. "तूही उलटाच आला होतास. आधी पाय, मग बाकीचा तू. तुझ्या आईला मी म्हणाले का, की ही काय रीत झाली, हा धरायचा नाही म्हणून?"

जमलेले लोक असे हसले की हॉटेलवाल्यालाही हसू लपवता येईना. तोच सगळ्यात शेवटपर्यंत हसत राहिला. मग आत जाऊन त्यानं स्वतः पेट्रोलचा डबा आणला.

"दालनात मधोमध जागा मोकळी राहिली माझी," तो म्हणाला.

"माझं प्लास्टर घरी पडलंय, ते पाठवते. फुलं लावायला बरं."

मुलानं टाकी भरली. सीट खाली टाकण्याआधी न सांगता पट्टी बुडवली आणि वरपर्यंत भिजलेली आईला दाखवली. मग कधी नव्हे तो मागच्या सीटवर जाऊन बसला.

उतार लागला तशी बाईंनी आरशात बघितलं. मुलगा डोळे घट्ट मिटून बसला होता, थेट बापासारखा. त्यांनी सुनेला कोपरानं डिवचलं, आणि शाळेच्या वळणावर, समोर कुणीही नसताना, लांबलचक भोंगा वाजवला.