नजर नको, ताबा लिवा

अमरावतीले माझं घर होतं, भाजी विकून बांधलेलं. दारावर बायकोनं बिब्बा टांगला होता, कोनाची नजर लागू नये म्हनून. आमाले लेकरू नवतं. घरच आपलं लेकरू, असं ती म्हने.

सात समुद्रापल्याड लढाई चालू होती म्हनत, तिकडचा कापूस बंद झाला, आन इकडं कापसाचं सोनं झालं होतं. गाडीवानबी चांदीचा करदोडा घालून फिरत. मी मात्र वांगेच विकून राहिलो होतो. मंग माझ्याबी डोक्यात किडा घुसला. अकोल्याले रेल येनार, तिथं जागा घ्याची, कापूस ठेवाले भाड्यानं द्याची. जागा पाह्यली, विसार देला. बाकीच्या पैशासाठी घर गहान ठेवाचं ठरवलं.

सावकाराच्या लिवनाऱ्यानं इचारलं, "नजरगहान का ताबेगहान?"

कोथिंबिरीची जुडी बांधाची अक्कल मले, कागदाची नाही. नजर म्हनल्यावर दारावरचा बिब्बा आठवला. ताबा म्हंजे आपलाच ताबा, असं मी धरून चाललो.

"नजर नको बापा," मी म्हनलं. "ताबा लिवा."

त्याले व्याजबी नवतं. सस्त्यात काम झालं म्हनून मी खुशीत अंगठा देला.

आठ दिवसांनी सावकाराचा मानूस कुलूप घेऊन आला. नजरगहानात घरात आपनच राहतो. ताबेगहानात पैसे फिटेपर्यंत घर सावकाराचं. हे मले तवा समजलं.

बायको भांडली नाही. "मले कावून नाही इचारलं?" येवढंच बोलली, आन दर्यापूरले भावाकडं गेली. जाता जाता म्हनली, "घर सुटलं की न्याले या."

मी अकोल्याच्या जागेवर झोपडी बांधली. लढाई संपली, कापसाचा भाव पडला, जागेकडं कोनी फिरकेना. एकट्यासाठी भाकर थापाची, मुक्यानं खायाची. दिवस दिवस तोंडातून शब्द निघे नाही. मंग मीच मले इचारो, कावून नाही इचारलं?

कालांतरानं रेल आली. भाडं सुरू झालं, लोक मले हुशार म्हनाले लागले. पैसे जमले तसा अमरावतीले गेलो, पंधरा दिवस सावकाराच्या दारात खेटे घालून घर सोडवलं. बिब्बा तसाच टांगलेला होता. तिथूनच दर्यापूरले गेलो.

तिचा भाऊ दारात आला. "तापानं गेली. आठ दिवस झाले. तुमच्यासाठी अकोल्याले मानूस धाडला होता, पन झोपडीत कोनी नवतं."

मी अमरावतीले होतो, घर सोडवून राहिलो होतो.

आता त्याच घरात राहतो. ताबा माझाच हाय. वाट पाहाले कोनी नाही.