पाच पिल्लांचा कौल

मी सोफ्यावर बसलो आणि सोफा केकाटला.

माझं वजन गावात कुणापासून लपलेलं नाही, पण आजवर एकाही खुर्चीने तोंडावर तक्रार केली नव्हती. मी उठलो, तर सोफा गप्प. पुन्हा टेकलो, तर आतून एकाऐवजी चार-पाच आवाज. एवढ्यात गोकुळदासबाब बाहेर दोर गुंडाळत होते ते आत आले. तो सोफा त्यांनीच आपल्या पिकअपमधून चोपड्याहून मुळगावात माझ्या घरी आणला होता. त्यांनी मला दंडाला धरून बाजूला केलं, सोफा उलटा केला आणि तळाचं फाटकं गोणपाट वर उचललं. आत काथ्यात, स्प्रिंगांच्या मधोमध, नुकते डोळे उघडलेली कुत्रीची पाच पिल्लं होती. सुदैवाने मी बसलो होतो ती बाजू रिकामी होती.

"गाडयेत घालतेवेळी मी विचारलंय, खाली बघूया काय म्हणान," गोकुळदासबाब म्हणाले.

विचारलं होतं. मीच "काही नाही हो, उचला" म्हणालो होतो. सोफा माझ्या मेव्हण्याचा, दत्तप्रसादचा. चार वर्षं त्याच्या मागच्या पडवीत पडून होता. फुकट मिळतोय म्हटल्यावर त्याचं मन बदलायच्या आत तो गाडीत चढावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अशा रीतीने शापोरा नदी, म्हापशाचा बाजार आणि अस्नोडा ओलांडून मी पाच तान्ह्या लेकरांना पळवून आणलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं. गोकुळदासबाब पिल्लं मासळीच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेटसकट आपल्या घरी निघूनसुद्धा गेले होते.

माणूसच तसा. मूळचे दोडामार्गाकडचे. मिसरूड फुटायच्या आधी मुळगावच्या खाणीवर ट्रकचे क्लीनर म्हणून आले, मग ड्रायव्हर झाले, आणि खाण बंद पडेपर्यंत खनिजाच्या ट्रकवरच राहिले. त्या इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू जात नसे, म्हणून त्यांनी दोन सवयी लावून घेतल्या. बोलायचं कमी, आणि बोललं तर ओरडून. ट्रक गेला, पिकअप आली, सवयी राहिल्या. त्यांनी "बरां आसात मा?" असं प्रेमाने विचारलं तरी नवखा माणूस खिसे चाचपतो.

पहिले तीन दिवस ते पहाटे चोपड्याला जाऊन पिल्लांची आई शोधत होते. वासाने येईल म्हणून सोफ्याचा काथ्या पिशवीत घेऊन जायचे. होड्या लागतात तिथल्या लोकांनी सांगितलं की अशी एक तांबडी कुत्री होती खरी, पण मासळीच्या टेम्पोमागे धावत गेली ती परत आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मात्र एका तांबड्या कुत्र्याने काथ्या हुंगला आणि ते आपणहून पुढच्या सीटवर चढून बसलं. गोकुळदासबाबनी त्याला काचेबाहेर तोंड काढू देत मुळगावला आणलं. त्यांच्या पत्नी सुलोचनावहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"आवशीक हाडलात?"

"हाडलंय."

वहिनींनी जरा वाकून पाहिलं. "ही आवस न्हय. हो बापूस असतलो."

त्या पाहुण्याला दूध पाजून, पुन्हा पुढच्याच सीटवरून, चोपड्याला पोचवण्यात आलं.

मग डिचोलीच्या गुरांच्या डॉक्टरने बाटली दिली आणि दर तीन तासांनी पाजा म्हणून सांगितलं. गोकुळदासबाबनी ते खाणीवरच्या शिस्तीने पाळलं. क्रेट पिकअपच्या केबिनमध्ये आला. कुणाचे चिरे असोत, कुणाच्या मुलीच्या लग्नाच्या खुर्च्या असोत, तीन तास झाले की गाडी कडेला. एकदा पेडण्याला जाणारा मंडप वाटेत अर्धा तास उभा राहिला. नवरदेवाचा मामा फोनवर तापला. गोकुळदासबाबनी फोन पिल्लाच्या तोंडाला लावला. "ह्येका समजाय," ते म्हणाले.

नावं पडली ती आमच्याकडच्या पावाच्या प्रकारांवरून. दारात सायकलवरून पाव विकायला येणाऱ्या पदेराचा पोंक-पोंक हॉर्न वाजला की पाचही जण क्रेटच्या कडेला लटकायचे. म्हणून गोल होता तो उंडो, चपटी ती पोळी, कानाला कात्री लागल्यासारखा दिसायचा तो कातरो, आणि झोपताना वेटोळं करायची ती कांकण. पाचव्याला काही उरलं नाही, म्हणून तो नुसता पाव. पदेराने एक दिवस आरोळी दिली, "उंडे घेतल्यात?" तर उंडो त्याच्या सायकलच्या टोपलीत जाऊन बसला.

पिल्लं मोठी झाली तशी सुलोचनावहिनींची घरातली जागा लहान होत गेली. दारात पाहुणे चपला दोन काढत आणि एक घालून जात. गावात मंडळी लंगडताना दिसली की ती गोकुळदासबाबकडे बसून आली असं समजायचं. वहिनींनी तरीही सोसलं. पण मे महिन्यात त्यांनी अंगणात आमसुलं वाळत घातली, कोकमाच्या रसात भिजवलेली, लाल रसरशीत, वर्षभराची. पाचही जण त्यात मनसोक्त लोळले. शेजारच्या सुविधाने कुंपणावरून पाच लाल पिल्लं पाहिली आणि किंचाळून अख्खा वाडा गोळा केला. जखम कुणाला आहे हे शोधण्यात अर्धा तास गेला. एकालाही नव्हती. आमसुलं मात्र एकही वाचलं नव्हतं.

वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, सोफो तुमी हाडलास. आता घरां पण तुमीच सोदा."

माझ्या अपराधी मनाने आठ दिवसांत पाच घरं शोधली. चांगली घरं, दूधदुभत्याची. यादी घेऊन गेलो. गोकुळदासबाब उंडोच्या अंगावरच्या गोचड्या काढत होते.

"हे बँकेतले," मी म्हटलं.

"त्यांच्या दारात गेट नाय."

"बरं, सुविधा?"

"दिसभर मोबायल बघता. पिल्लाक कधी बघतली?"

"हे तर फौजेतून निवृत्त झालेत."

"आरडतत." हे त्यांनी इतकं मोठ्याने सांगितलं की पोळी पलंगाखाली गेली.

उरलेल्या दोघांपैकी एकाची विहीर उघडी निघाली आणि दुसऱ्याचा चेहरा त्यांना आवडला नाही. यादी मला परत मिळाली. त्यांनी उंडोला मांडीवर जरा आवळून धरलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की यादी कितीही लांब केली तरी घरं अपुरीच पडणार.

वहिनींच्याही ते लक्षात आलं असावं. त्या बाहेर आल्या. "हे माझा आयकूचे नाय, तुमचा आयकूचे नाय. शुक्रवारी देवळात प्रसाद लावया. उजवी पाकळी पडली तर ऱ्हवतली. डावी पडली तर यादीप्रमाण जातली. देवाच्या म्होरं मगे कोणाचा चलाचा नाय."

गोकुळदासबाबनी उंडोची आणखी एक गोचडी काढली. "बरां," ते म्हणाले.

आमच्याकडे प्रसाद, म्हणजे कौल, लावतात तो असा: गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो. ज्याचं काम असेल त्याने पुढे बसून प्रश्न मनात धरायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, वाटणी, ऑपरेशन, सगळं असंच ठरतं. शुक्रवारी सकाळी मधुकर गुरवाने पाकळ्या लावल्या आणि वाऱ्याने पाकळी हलू नये म्हणून पंखा बंद केला. मे महिना. पंधराव्या मिनिटाला माझा सदरा पाठीला चिकटला.

"नीट विचारल्यात मा?" वहिनींनी कुजबुजून विचारलं.

गोकुळदासबाबनी मान डोलावली.

तास गेला. पाकळ्या जागच्या जागी. सुविधा पदराने स्वतःला वारा घालायला गेली तर मधुकरने डोळे वटारले. वहिनींचे ओठ हलत होते. मी उंडोचा विचार करत होतो, आणि लाज वाटते सांगायला, पण उजवीकडे बघून मनातल्या मनात फुंकर मारत होतो. दीड तासाने डावी पाकळी जरा सरकली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांचा चेहरा उतरला होता. पिल्लं जावीत म्हणून हट्ट धरणारी बाई, आणि डावी सरकल्यावर पदर तोंडाला. गोकुळदासबाब तेवढे भिंतीला टेकून चक्क झोपले होते.

मग उजवी पडली.

मधुकरने "व्हय" म्हणून हात वर केला. वहिनींनी नवऱ्याला कोपराने उठवलं. त्यांनी साष्टांग नमस्कार घातला, प्रसादाची पाकळी टोपीत खोवली आणि गाडी काढायला गेले.

त्या दिवसापासून सगळं बदललं. देवाने ठेवलेली पोरं म्हटल्यावर वहिनींनी आमसुलांचा विषयच मिटवला. पदेराकडून आता पाच उंडे जास्त येतात, आणि कुणी एका चपलेवर घरी निघालं तर वहिनी म्हणतात, "देवाक दिल्यात म्हणान समजा."

मला मात्र ती झोप खुपत होती. ज्याचा जीव टांगणीला लागलाय तो माणूस असा घोरतो का? परवा मी त्यांच्या पिकअपमधून डिचोलीला चाललो होतो. माझ्या मांडीवर कांकण, पायांत पाव. शेवटी विचारलंच.

"गोकुळदासबाब, खरं सांगा. डावी पडली असती तर पिल्लं दिली असतीत?"

"नाय."

"देवाने नको म्हटलं असतं तरी?"

"देव कित्याक म्हणात?"

"अहो, मग त्या दिवशी तुम्ही देवाला विचारलंत तरी काय?"

त्यांनी गियर बदलला.

"मागलो टायर पावसाआधी बदलू काय, ह्या विचारलंय."