बिनदाढीचा शिष्य

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझी मान खाली जाते.

खोताच्या वाडीतल्या एका वयस्कर ख्रिस्ती बाईंच्या घरातली लाकडी मूर्ती नाहीशी झाली होती. येशूचा शिष्य, संत योहान. दीड हात उंच, पणजोबांच्या काळातली. नाताळ तोंडावर आला होता. मी फिर्याद घेतली, पण मूर्ती दिसते कशी, हे विचारलं नाही. शिष्य म्हणजे दाढीवाला, हे मी गृहीतच धरलं.

दोन दिवसांनी खबऱ्याने सांगितलं की लालबागच्या एका रंगाऱ्याकडे फडक्यात गुंडाळलेली मूर्ती आहे. गणपती रंगवणारा साठीचा माणूस. मी त्याच्या कारखान्यात जाऊन फडकं सोडलं. गुळगुळीत चेहरा, खांद्यावर रुळणारे केस, लाल शेला, हातात पेला. पंचनाम्यात लिहून घेतलं, 'स्त्रीची मूर्ती'; मेरीमाताच असणार. म्हणजे ही दुसरीच चोरी.

म्हातारा म्हणाला, "साहेब, बाई नाय ती. हाच योहान. बाईंच्या भावानेच रंगवायला दिलाय. नाताळपर्यंत बहिणीला सांगू नको म्हणाला."

भाऊ गोव्याला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता.

मी शिपायापासून वर चढलेलो. सौदा करणं मला जमायचं. पहिली मूर्ती कुठे ते सांग, या दुसऱ्या चोरीकडे काणाडोळा करतो, असं म्हणून पाहिलं. तो म्हणाला, एकच आहे, दोन कुठून आणू?

"मला बाई नि पुरुष कळत नाही?" असं म्हणत मी कारखान्याच्या दारात, सगळ्या गल्लीसमोर, त्याच्या कानाखाली वाजवली आणि मूर्तीसकट त्याला ठाण्यात आणून बसवलं.

ही मेरीमाता वाडीत कुणाची, हे विचारायला मी बाईंना ठाण्यात बोलावलं. त्या मूर्तीला हात लावून रडू लागल्या.

"मेरी कुठली? हाच माझा योहान."

मग दाढी कुठे आहे, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं, बारा जणांत हा सगळ्यांत लहान, म्हणून चित्रकार शेकडो वर्षं त्याला कोवळाच काढत आले. काही जुन्या चित्रांत तो पांढऱ्या दाढीचा म्हाताराही असतो. पण पेला आणि पेल्यातून डोकं काढणारा साप ही त्याची खूण. त्याला विष दिलं होतं, ते बाधलं नाही, अशी कथा.

तो साप मी पाहिला होता. पंचनाम्यात 'पेल्याचा मोडका कान' म्हणून लिहवला होता.

बाकावरून रंगारी म्हणाला, "राम नि विष्णू तोंडावरून वेगळे सांगाल काय साहेब? हातात काय हाय ते बघायचं."

संध्याकाळी भावाचा फोन लागला. रंगाऱ्याचा शब्द न् शब्द खरा निघाला. मी पुन्हा सौद्यावर आलो. तक्रार करू नका, पुढच्या गणपतीत मंडपाच्या परवानगीचं मी बघतो, म्हणालो. त्याला ते नको होतं.

"जिथं मारलंत तिथं येऊन सांगा, हा चोर नाय."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी माझ्याऐवजी हवालदाराला पाठवलं.

बाईंनीच वरिष्ठांना पत्र लिहिलं. माझ्या नावावर शेरा पडला, बढती हुकली. थेट अधिकारी म्हणून भरती झालेल्यांना असल्या गोष्टी माफ होतात, हे मी पुढे वर्षानुवर्षं भेटेल त्याला ऐकवत राहिलो. तो राग अजून पुरता गेलेला नाही. पण त्या शेऱ्यात खोटं एक अक्षर नव्हतं. माणूस पहिल्याच वाक्यात खरं बोलला होता आणि मी त्याला दुसरी चोरी कबूल करायला लावत होतो.

तो चोर नव्हता. हे मी आज इथे लिहितो आहे. त्याने सांगितलेली जागा मात्र ही नव्हे.