छावणीतली मुकी मुलं

एकही मूल तोंड उघडेना. मी कार्डावर 'घर' दाखवलं, 'आई' दाखवलं. मुलं कार्डाकडे बघत, मग मान खाली घालत.

डिचोली तालुक्यातली ही छावणी. धरणात गाव गेलेली माणसं प्लॉट मिळेपर्यंत इथे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. मी शिक्षण खात्यात होते. लहान मुलांना वाचता येतं का, ते तपासायचं. इथला मास्तर शाळेत फिरकतच नाही, असा साहेबांना संशय होता. रिपोर्ट वाईट आला तर सस्पेंड करणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

मास्तर पेडण्याकडचा, तरुण. "काल सगळी वाचत होती, मॅडम," म्हणाला. असं प्रत्येक मास्तर म्हणतो. माझाही त्याच्यावर विश्वास बसेना.

पण एक गोष्ट खटकली. अक्षरं न येणारं मूल अंदाजाने काहीतरी ठोकून देतं. इथे कुणी चुकतसुद्धा नव्हतं. शिवाय आईबाप दारातून हलत नव्हते, आणि कार्ड दाखवलं की मुलं आधी त्यांच्याकडे बघत.

मी कार्डं पिशवीत टाकली. काही न बोलता फळ्यावर लिहिलं, 'मास्तरांच्या पाठीवर पाल आहे.'

मास्तर वर्गात मागे उभा होता. सगळ्या माना झटकन तिकडे वळल्या. एक मुलगी तर उठून त्याची पाठ बघायला गेली. अक्षर अक्षर न जुळवता थेट अर्थ कळणं, याला आम्ही प्रवाही वाचन म्हणतो.

त्या मुलीचा बाप आत आला. "पोरां हंयच शिकतत म्हणून तुमी लिवलात, तर सरकार आमकां हंयच ठेवतलां," तो म्हणाला. मुलांची शाळा इथेच नीट चालली की प्लॉट द्यायची घाई सरकारला उरणार नाही, ही त्यांची भीती होती.

"आणि वाचता येत नाही असं लिहिलं, तर मास्तरांची नोकरी जाईल," मी म्हटलं.

हे त्याला ठाऊक नव्हतं. तो मास्तराकडे बघत राहिला. मग मुलीला हळूच म्हणाला, "वाच गो."

तिने सगळी कार्डं वाचली.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, मुलं वाचतात. शेड राहण्याजोगी नाही. साहेबांनी दुसरं वाक्य खोडलं. ते आपल्या खात्याचं काम नव्हे, म्हणाले. मास्तर टिकला. प्लॉट मिळाले तेव्हा ती मुलगी हायस्कूलला जात होती. बापाचा संशय अगदीच खोटा नव्हता.

नव्या तपासनिसांना मी एवढंच सांगते: मूल गप्प बसलं की लगेच शून्य लिहू नका. गप्प बसायलाही काही कारण असतं.