कापलेला श्वास

डबिंगच्या मधल्या सुट्टीत आम्ही चहा पीत होतो. कोणीतरी मोबाइलवर तेलाची नवी जाहिरात लावली. आवाज आमच्या मधुकाकांचा, नाटकांत वर्षानुवर्षं घासून तयार झालेला.

"वा काका!" मी म्हटलं.

काकांचा कप हातातच राहिला. "अगं, हे मी बोललोच नाहीये."

यंत्राने काढलेला आवाज. अशा बातम्या आम्ही सगळ्यांनीच ऐकल्या होत्या. पण बातमी अशी आमच्यात चहाला येऊन बसेल, असं वाटलं नव्हतं.

काकांनी जाहिरात पुन्हा लावायला सांगितली, डोळे मिटून ऐकली. मोठ्या वाक्याआधी ते नाकाने खोल श्वास घेतात, ही रंगमंचावरची सवय. माइकवर तो फार ऐकू येतो, म्हणून आमचा रेकॉर्डिस्ट दर वेळी कापून टाकतो; स्टुडिओबाहेर जाणाऱ्या आवाजात तो कधीच नसतो. जाहिरातीत तो श्वास होता. जसाच्या तसा.

आपलं जे टाकून दिलं म्हणतात, ते नेमकं जातं कुठे? आणि कोण जपून ठेवतं?

आतून बोलावणं आलं. काका माइकसमोर उभे राहिले, लाल दिवा लागला, तरी वाक्य सुरू होईना.

"काका, बोला ना," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

काका श्वास रोखून उभे होते.