तडतडणारा माइक

सकाळपासून धुकं दाटलं होतं. समोरची गल्ली दिसत नव्हती, भिंती हाताला गार आणि चिकट लागत होत्या. रेडिओवाल्यानं आज दुकान उघडलं नाही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एरवी या वेळी तो कुणाचा तरी मिक्सर उलटा पाडून बसलेला असायचा. आज टेबलावर रेकॉर्डर होता, आणि त्याला जोडलेला, महिनोन्‌महिने खपून घरीच केलेला जुन्या धाटणीचा माइक. बल्बसारखा काचेचा व्हॉल्व्ह भंगारातल्या रेडिओचा, जाळी चहाच्या गाळणीची, आणि आत पितळी चकतीवर ताणलेला पडदा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

समोर स्टुलावर वहिनी बसली होती. तो शाळेत होता तेव्हा ती या घरात आली, आणि आईविना पोराला तिनंच वाढवलं. तिच्या घशाचं ऑपरेशन अचानक अलीकडे ओढलं होतं. आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशन आजच होतं.

"बोल वहिनी."

"काय बोलू? डोंबल?"

हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, भरदार, कानाशी बसून बोलल्यासारखा. आणि लगेच त्यावर तडतड. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. काल संध्याकाळी तर याच माइकमधून मांजराचा श्वाससुद्धा स्वच्छ आला होता.

दारातून दादा ओरडला, "अरे, मोबाइलवर घे की! गाडी सुरू करून ठेवलीय मी."

"मोबाइलात मी डबड्यात कोंडल्यासारखी वाटते," वहिनी म्हणाली. "बसा हो जरा. करतोय ना तो."

त्यानं स्विच बंद केला. पण लगेच हात घालायची सोय नव्हती. आत साठलेला करंट उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. मग व्हॉल्व्ह बदलला, धूळ नको म्हणून हलकेच फुंकर मारली, झाकण लावलं. तडतड होतीच. पुन्हा उघडलं, सोल्डर नव्यानं केलं, फुंकर मारली. तडतड आणखी वाढली.

"दवाखान्यात आपला नंबर गेला म्हणजे?" दादाचा आवाज चढला.

यानं पुन्हा स्विच बंद केला, करंट उतरू दिला. तिसऱ्यांदा झाकण काढून त्यानं ओठांचा चंबू केला, तोच वहिनी म्हणाली, "झालं! पुन्हा फुंका! गुडघा फुटला, फुंकर. रेडिओ बिघडला, फुंकर. त्याला काय बाऊ झालाय?"

चंबू तसाच राहिला. रेडिओला चालतं ते या माइकला चालणार नव्हतं. पडद्यापासून व्हॉल्व्हपर्यंत येणारा आवाज इतका नाजूक, की तोंडाच्या वाफेचा ओलावासुद्धा त्याला भलतीकडे गळायला वाट देतो, आणि तडतड होते. पहिली तडतड या दमट हवेची. नंतर दर खेपेला बिघाड तो स्वतःच आत घालत होता.

"वहिनी, तू आधी का नाही बोललीस?"

"मला काय ठाऊक! मी आपली सवयीनं बोलले."

त्यानं तोंडावर रुमाल बांधला. दादा म्हणाला, "आता दरोडा घालणार का?" स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं त्यानं व्हॉल्व्हभोवतीचे सांधे पुसले. पडद्याला बोट लावायची हिंमत नव्हती. तो टेबललॅम्पच्या उबेत धरला. गाडी बाहेर घरघरत होती. दादा एकदा आत, एकदा बाहेर. पडदा जास्त तापला तर सैल पडेल, कमी तापला तर पुन्हा तेच. अंदाजानं त्यानं दिवा बाजूला सारला, झाकण बसवलं आणि स्विच टाकला. व्हॉल्व्हच्या पोटात हळूहळू नारिंगी उजेड आला.

हेडफोनमध्ये शांतता. नुसती शांतता.

त्यानं हातानं खूण केली.

"ऐक," वहिनी म्हणाली. गाणं नाही, निरोपाचं भाषण नाही. "दादाशी भांडलास तरी जेवायला एकत्र बसायचं. माझ्यापुढे तोंड पाडून फिरायचं नाही. मी हातवारे करून शिव्या देईन, त्या समजून घ्यायच्या." मग, तो बाहेर खेळत असताना मारायची तशीच लांबलचक हाक तिनं मारली, "सोन्याऽऽ, घरी ये!" हाक शेवटी चिरकली. त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं नाही. तडतड कुठेच नव्हती.

"बास," ती उठली. "नळ आलाय बघ. पिंप भर आणि मागून ये."

दादानं पिशवी उचलली, तिचा हात धरला. गाडी धुक्यात वळली. यानं रुमाल सोडला, रेकॉर्डर बंद केला, आणि मोरीत जाऊन पिंपात नळी सोडली.