जुन्या पंपाची खंडेनवमी

"उचला! माझ्या डोळ्यांम्होरनं उचला त्यो जुना पंप, न्हायतर बगा, रस्त्यावर भिरकावतो!"

मिस्त्री ओरडत होता. उद्यमनगरात तो ओरडला की तीन गल्ल्यांतले लेथ आपोआप थांबत. त्या दिवशी तर जयसिंगपूरच्या स्टँडवर लागलेली एसटी दोन हात मागे सरली म्हणे. मी काही बघायला गेलो नव्हतो, पण सांगणारा माणूस भरवशाचा आहे. म्हणजे मीच सांगतोय.

टेबलावर दोन ऑईल पंप होते. एक नवाकोरा, दिल्लीहून कुरिअरने आलेला, पिशवीत घामेजून बसलेला. दुसरा माझ्या गाडीचा मूळचा, काळा आणि तेलकट. गाडी वडिलांची. कोल्हापूर-जयसिंगपूर टॅक्सी म्हणून त्यांनी ती आयुष्यभर चालवली. तिच्यातून एका खेपेला तेरा माणसं, दोन शेरडं आणि पाण्याचा तांब्याचा बंब गेलेला मी पाहिलाय. बंब पेटता होता, असं मी लग्नाकार्यात सांगतो.

मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिचं इंजिन मिस्त्रीकडे उतरवलं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता कणा, घासून आणला तेव्हा घासणाऱ्यानं बजावलं होतं, "ही शेवटची. आता घासायला लोखंड उरलं न्हाय." म्हणजे यापुढे एकदा जरी पंपाने तेल चढवलं नाही, तर बेअरिंगं क्रँकला खाणार आणि इंजिन भंगारात जाणार. दुसरा क्रँक अख्ख्या महाराष्ट्रात मिळत नव्हता. मी आठ महिने शोधला होता, आणि हे मात्र खरं आहे.

"गिअर झिजलाय मालक," आवाज खाली आणून मिस्त्री म्हणाला. "झाकणावर चरं पडल्यात. नवा घाला."

मिस्त्री गडहिंग्लजच्या पलीकडचा. फटीत पातळ पत्र्याची पट्टी घालून माप घेताना तो कानडीत पुटपुटायचा. त्यानं पुन्हा पट्टी घातली, पुन्हा पुटपुटला आणि मान हलवली.

"नवा?" मी म्हटलं. "त्याचं ओतकाम बघा की जरा. बाळंतिणीचा लाडू तरी याच्यापेक्षा गुळगुळीत असतोय. आणि जुन्याचं झाकण काचेवर घासायला तुम्ही बसलात की आरसा होतोय त्याचा! लोक भांग पाडत्यात त्यात."

"पाडत हुते."

तो 'हुते' मी ऐकला नाही. ऐकला असता तर पुढचं काही झालंच नसतं. उन्हाळ्यापासूनच तो चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचा, तेही मी पाहिलं होतं. थंडी वाजत असेल म्हणून सोडून दिलं. मे महिन्यात.

खरी गोष्ट एवढीच होती की नव्या पंपाला हाताचं काम लागत नव्हतं. जुन्याला लागत होतं. झाकण काचेच्या तुकड्यावर पेस्ट लावून गोल गोल फिरवायचं, बोटाचा दाब सगळीकडे सारखा ठेवायचा, केसाच्याही निम्म्या मापापर्यंत. मिस्त्रीचा उजवा हात थरथरायला लागला होता आणि हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बिचारा मला मार्ग दाखवत होता. मी दारात जाऊन गल्लीला ऐकू जाईल असा गरजलो, "अवो, ऐका! आख्ख्या कोल्हापुरात ज्याच्या हाताला तोड न्हाय त्यो माणूस दिल्लीच्या डबड्याच्या पाया पडतोय!"

लेथवरची माणसं बाहेर आली. कुणी म्हणालं, "मिस्त्री, म्हातारपण आलं व्हय?" दुसरा म्हणाला, "घाबरलं वाटतं!" हशा झाला. मिस्त्रीनं उजवा हात टेबलाखाली घेतला. चार माणसांत मी त्याला असा चढवला होता की उतरायला पायरीच ठेवली नव्हती.

"घासतो," तो म्हणाला.

चार दिवस तो झाकण घासत बसला. एरवी त्याला दोन तास लागत. दार लावून घ्यायचा. शेवटी पंप जोडला, आत तेल भरलं आणि तेलाच्या दोन्ही तोंडांत फडक्याचे बोळे घट्ट बसवले. "ह्यास्नी हात लावायचा न्हाय," मला म्हणाला. "थेट इंजानात बसवताना मीच काढणार."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी उद्यमनगरात हातोडीसुद्धा उचलत नाहीत. सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, गंध लावायचं, झेंडूचं फूल, वर अक्षता. लेथला हार घालतात, वेल्डिंगच्या मशीनपुढं नारळ फोडतात. मी घरून ताट घेऊन गेलो. मिस्त्री शेजारच्या लेथच्या पूजेला गेला होता. पाटावर पान्यांच्या रांगेत माझा पंप बसला होता, दोन्ही तोंडांत बोळे कोंबलेला.

मला ते बघवलं नाही. ज्याची पूजा करायची त्याच्या तोंडात कोण फडकं कोंबून ठेवतो? मी बोळे काढले. गंध लावलं, हळद-कुंकू वाहिलं, आणि अक्षता... माझा स्वभाव माहीत असलेल्यांना सांगायला नको. चिमूटभर टाकणाऱ्यातला मी नव्हे. लग्नाच्या मांडवात टाकाव्यात तशा मूठभर उधळल्या. मग फुंकर मारून वरच्या झटकल्या आणि बोळे होते तसे परत बसवले. अगदी होते तसे. त्याबाबतीत माझा हात फार साफ.

दसऱ्याला मिस्त्रीनं पंप बसवला. बोळे त्यानंच कोंबलेले, त्यामुळे आत बघायचं काही कारणच नव्हतं. हँडल मारलं. काचेमागचा तेलाच्या दाबाचा काटा थरथरला, उठला आणि उभा राहिला. गल्लीनं शिट्ट्या मारल्या. आदल्या आठवड्यात हसलेल्यानंच त्याला पहिलं आपट्याचं पान दिलं. मिस्त्री मात्र आपल्याच उजव्या हाताकडे बघत राहिला होता, कुणा परक्याचा असावा तसा.

"ऱ्हायला की," तो म्हणाला. काटा की हात, कुणास ठाऊक.

आम्ही दोघं वारणानगरच्या रस्त्याला निघालो. गाडी अशी पळत होती की उसाचे तुरे वाकून नमस्कार घालत होते. मी चाक धरून बंबाची गोष्ट सांगत होतो, आणि बंबाची गोष्ट सांगताना माझं काट्याकडे लक्ष नसतं. चढावर एका ट्रॅक्टरला मागं टाकायला मी पाय दाबला. ट्रॅक्टर मागं पडला. माणसं, शेरडं झाली, बंबापाशी आलो.

"बंद करा!" मिस्त्री माझा दंड धरून किंचाळला. "काटा पडला! बंद करा, बंद करा!"

खालून ठक् झालं. मग ठकठक. मी चावी फिरवण्याआधीच इंजिन स्वतः थांबलं आणि पुन्हा हँडलला हललं नाही. ज्याला मागं टाकलं त्याच ट्रॅक्टरनं आम्हाला ओढत कोल्हापुरात आणलं. वाटेत मी चार वेळा बोललो. मिस्त्री पडलेल्या काट्याकडेच बघत होता.

इंजिन उघडलं. क्रँक निळा पडला होता, चर बोट जाईल एवढे. लेथवाले बघून निघून गेले. या वेळी कुणी हसलं नाही आणि तेच वाईट होतं. मिस्त्रीनं पंप सोडवून माझ्या हातात ठेवला.

"उघडा की," मी म्हटलं.

"काय उघडायचं? झाकण तिरकं घासलंय. हात गेला माझा."

तो पंप मी घरी नेला आणि स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर उघडला. झाकण आरशासारखं होतं. मी त्यात भांग पाडला असता, डोक्यावर केस असते तर. तेलाचा दाब फार झाला की जादा तेल परत सोडायला पंपात स्प्रिंगवर एक पोलादी गोळी असते. त्या गोळीच्या बुडाशी तांदळाचा अर्धा दाणा रुतला होता. कुंकवानं लाल, तेलात तळल्यासारखा टणक. मी पाय दाबला तेव्हा गोळी वर उचलली गेली असणार, दाणा तिच्याखाली सरकला असणार, आणि मग ती परत बसलीच नाही. सगळं तेल आल्या वाटेनं परत.

लगेच मिस्त्रीकडे जायला हवं होतं. अर्ध्या तासाचा रस्ता. मी गेलो नाही. उलट दिवाळीभर गाडीची गोष्ट घरोघर सांगितली. प्रत्येक घरी चढ वाढवत नेला, शेवटी शेवटी तो हिमालयाएवढा झाला. दाण्याचं मात्र कुठंच सांगितलं नाही. एरवी राईचा पर्वत करणारा मी, त्या एका दाण्याला तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही.

तोवर मिस्त्रीनं हत्यारं विकली होती. चौकशी करत गेलो तर कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर बसलेला सापडला. खाकी शर्ट, खांद्यांवर मोठा. ट्रकचे नंबर वहीत लिहीत होता, डाव्या हातानं उजवा धरून. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पहिल्यांदाच काही न वाढवता. बोळे, अक्षता, दाणा. झाकण आरशासारखं होतं, तेही सांगितलं, दोनदा. कागदात गुंडाळून आणलेलं झाकण त्याच्या पुढ्यात धरलं.

त्यानं ते घेतलं नाही. मागं ट्रकनं हॉर्न दिला तसा उठला, फाटक उघडलं, ट्रक आत घेतला, फाटक लावलं आणि परत येऊन बसला.

"आता काय करायचं त्याचं," तो म्हणाला. "हात गेला म्हणून समद्यांस्नी मी सांगून बसलोय."